ऑडेसिटीतून रीपरमध्ये: घरच्या रेकॉर्डिंगचं बिऱ्हाड हलवताना

घरी एक माइक, एक पेटी आणि एक लॅपटॉप एवढ्यावर गाणी रेकॉर्ड करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात ऑडेसिटीवर होते. फुकट, आटोपशीर, उघडलं की लाल बटण दाबायचं आणि गायला लागायचं. अडचण पुढे येते. तबल्याचे दोन ट्रॅक, पेटी, मुख्य आवाज, मागे कोरसचे दोन-तीन आवाज असं गाणं वाढत गेलं, की अंतऱ्यातली एकच ओळ नव्याने गाऊन बसवताना किंवा आवाजावर किती रिव्हर्ब (घुमारा) दिला होता हे पंधरा दिवसांनी शोधताना दमछाक होते. मग कुणीतरी रीपर सुचवतं, अनेक ट्रॅकचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करायचं सॉफ्टवेअर.

हा लेख विंडोजवर ऑडेसिटीतून रीपरमध्ये जाणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून येत असाल, तरी गाणी बाहेर काढण्याचा आणि ताळमेळ तपासण्याचा भाग तुम्हालाही जवळपास तसाच लागू पडेल. मॅकवर गॅरेजबँडमधून लॉजिकमध्ये जाणाऱ्यांना मात्र एवढा खटाटोप नाही. लॉजिक गॅरेजबँडचे प्रोजेक्ट थेट उघडतं.

आणि एकच माइक लावून कथावाचन, प्रवचन किंवा मुलाखती रेकॉर्ड करत असाल, तर हलूच नका. त्या कामाला ऑडेसिटी उत्तम आहे. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून तर गाणं वाजत असताना इफेक्ट चालू-बंद करून ऐकण्याची सोयही त्यात आहे. सॉफ्टवेअर बदललं म्हणून आवाज सुधारत नाही. माइक, खोली आणि गळा तेच राहतात. बदलतं ते काम करण्याचं सुख.

आधी हे समजून घ्या: आवाज नेमका कुठे असतो?

ऑडेसिटीच्या ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, सगळा प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमध्ये असतो. आवाजही त्यातच. ती फाइल पेन ड्राइव्हवर टाकली की गाणं गेलं. रीपरचं तसं नाही. रीपरची आरपीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, साधा मजकूर दिसेल: कोणती वेव्ह फाइल, कितव्या सेकंदापासून, कुठल्या ट्रॅकवर, किती आवाजात, कोणत्या इफेक्टसह. खुद्द आवाज त्यात नसतो. तो शेजारच्या वेव्ह फाइलींमध्ये असतो.

ऑडेसिटीच्या सवयीने नुसती आरपीपी फाइल मित्राला पाठवली, तर त्याच्याकडे रिकामे डबे उघडतात आणि फाइली सापडत नाहीत असा निरोप येतो. नवख्यांची सर्वात मोठी फजिती हीच. यापुढे गाणं म्हणजे एक फाइल नव्हे, एक फोल्डर.

जवळ काय काय हवं

- ऑडेसिटीची चालू आवृत्ती (जुने प्रोजेक्ट उघडण्यासाठी)
- मोकळी जागा. ३२-बिट फ्लोट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो अशा ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी लागतात. पाच मिनिटांच्या आठ ट्रॅकच्या गाण्याला साडेचारशे एमबीच्या पुढे धरा
- एक बाहेरची हार्ड डिस्क
- ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं बाहेरचं साउंडकार्ड), आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला त्याचा ड्रायव्हर
- कानाला घट्ट बसणारे बंद हेडफोन. उघडे असतील तर तानपुरा आणि तबला माइकमध्ये झिरपतो
- वही आणि पेन. खरंच लागतात

१. हातातलं गाणं आधी संपवा

अर्धं ऑडेसिटीत, अर्धं रीपरमध्ये असं करू नका. गणपतीच्या आधी आरत्यांचा संच द्यायचा असेल, तर तो जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण करा. नवं शिकायला असं गाणं घ्या, ज्याची कुणी वाट पाहत नाही.

२. जुनी गाणी बाहेर काढा

रीपर एयूपी३ फाइल उघडत नाही. कुठलीही दोन सॉफ्टवेअर एकमेकांचे प्रोजेक्ट सहसा वाचत नाहीत, म्हणून प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह काढायची. त्या वेव्ह उद्या कुठेही उघडतील. केकवॉकचं उदाहरण घ्या. १९८७ पासूनचं हे सॉफ्टवेअर. २०१७ मध्ये मालक कंपनी गिब्सनने त्याचं काम थांबवलं आणि २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेतलं. मधल्या काही महिन्यांत ज्यांची गाणी फक्त प्रोजेक्ट फाइलींमध्ये होती, त्यांच्या जिवाला घोर लागला असणार. वेव्ह काढून ठेवणाऱ्यांना चिंता नव्हती.

सगळी गाणी काढायची गरज नाही. ज्यांवर पुढे काम होण्याची शक्यता आहे तेवढीच घ्या. प्रत्येक गाण्यासाठी क्रम असा:

प्रोजेक्टची एक प्रत करा आणि त्या प्रतीवरच काम करा. २०२१ च्या आधीचा प्रोजेक्ट असेल तर एयूपी फाइलसोबत 'डेटा' असं शेपूट असलेलं एक फोल्डर असतं. दोन्ही एकत्र असतील तरच तो उघडतो. नव्या आवृत्तीत उघडला की त्याचा एयूपी३ होतो.

ट्रॅकना नावं द्या. बाहेर निघणाऱ्या फाइलींना हीच नावं लागतात. 'ऑडिओ १', 'ऑडिओ २' अशा नऊ फाइली समोर आल्या की प्रत्येक वाजवून बघत बसावं लागतं. नावं आणि फोल्डर रोमन लिपीत ठेवा. रीपरला मराठी नाव चालतं, पण जुनी काही प्लगइनं (बाहेरून जोडायचे इफेक्ट) अशा फोल्डरपाशी अडखळतात.

ट्रॅकच्या डाव्या बाजूचे आवाजाचे आणि डाव्या-उजव्या बाजूचे स्लायडर कुठे आहेत ते वहीत लिहा, मग सगळे मधल्या शून्यावर आणा. म्यूट आणि सोलो काढा. चालू इफेक्ट असतील तर त्यांच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट घेऊन ते बंद करा. जे इफेक्ट जुन्या पद्धतीने ट्रॅकवर कायमचे बसवले आहेत ते आता निघणार नाहीत. आवाज तसाच घ्यावा लागेल.

मग 'फाइल' मेनूतून 'एक्स्पोर्ट ऑडिओ'. तिथे 'मल्टिपल फाइल्स' निवडा आणि ट्रॅकनुसार वेगळ्या करायला सांगा. प्रकार वेव्ह, एन्कोडिंग ३२-बिट फ्लोट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो दर) प्रोजेक्टचा जो असेल तोच. ३२-बिट फ्लोट अशासाठी, की एखाद्या तानेत आवाज शून्य डेसिबलच्या, म्हणजे कमाल पातळीच्या, वर गेला असेल तरी फाइलमध्ये तो कापला जात नाही, पुढे खाली ओढता येतो. १६-बिटमध्ये तो तिथेच चपटा होतो.

सुरुवातीची मोकळी जागा कापणारा 'ट्रिम ब्लँक स्पेस बिफोर फर्स्ट क्लिप' हा पर्याय बंद आहे ना, ते नीट बघा. कोरस दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असेल आणि हा पर्याय चालू राहिला, तर कोरसची फाइल थेट आवाजापासून सुरू होते आणि रीपरमध्ये तो पहिल्याच समेवर येऊन बसतो.

शेवटी याच अवस्थेत, स्लायडर शून्यावर आणि इफेक्ट बंद असताना, सगळ्या ट्रॅकची मिळून एक फाइल काढा, तीही ३२-बिट फ्लोटमध्ये. पायरी ६ मध्ये ती कामाला येणार आहे. तुमचं आधीचं गोड मिक्स वेगळं जपून ठेवा.

३. रीपर उतरवा, आणि पैशांचं

रीपर कॉकॉस या छोट्या कंपनीचं आहे. त्यामागचा जस्टिन फ्रँकल हा विनॅम्प बनवणारा माणूस. इन्स्टॉलर इतका लहान आहे की अपुरा उतरला की काय अशी शंका येते, तसं नसतं. ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरता येतं, काहीही कुलूपबंद नाही. त्यानंतरही ते उघडतं, फक्त सुरुवातीला विनंतीची खिडकी दाखवतं. त्याचा अर्थ फुकट असा नाही. वैयक्तिक वापरासाठी आणि वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या व्यवसायासाठी परवाना ६० डॉलरला, त्यापुढे २२५ डॉलरला. ६० डॉलर म्हणजे आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार. पैसे भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. बहुतेक कार्डांवर ते बंदच असतात आणि मग दोष वेबसाइटला दिला जातो.

चोरीचं क्युबेस किंवा एफएल स्टुडिओ टाकून देणारा एक ओळखीचा प्रत्येकाला भेटतोच. नको म्हणा. पाप-पुण्य बाजूला ठेवा. अँटिव्हायरस बंद करून बसवायला लागणारी वस्तू तुमच्या सगळ्या गाण्यांच्या शेजारी कशाला हवी?

४. साउंडकार्डाची ओळख करून द्या

'ऑप्शन्स' > 'प्रेफरन्सेस' > 'ऑडिओ' > 'डिव्हाइस'. कंट्रोल आणि पी दाबलं तरी ही खिडकी उघडते. इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिराने ने-आण करणारा) इथे निवडा. ऑडेसिटीच्या नेहमीच्या आवृत्तीत परवान्याच्या कारणाने एएसआयओ अनेक वर्षं नव्हतं, त्यामुळे ही यादी तुमच्यासाठी नवी असू शकेल. साधा यूएसबी माइक असेल आणि त्याला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नसेल, तर 'वासापी' (विंडोजची स्वतःची सोय) निवडून बघा. एएसआयओ४ऑल हा फुकट पर्याय त्यानंतर.

त्याच ड्रायव्हरच्या खिडकीत बफर असतो, म्हणजे आवाज किती मोठ्या तुकड्यांत पुढे पाठवायचा तो आकडा. तुकडा मोठा तेवढा उशीर जास्त. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलला सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. हा एका बाजूचा हिशेब. जाण्या-येण्याचा मिळून दुप्पट आणि थोडा वर. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये कॉम्प्युटरमार्गे ऐकायचा असेल तर १२८ किंवा २५६ ठेवा. मिक्स करताना कडकड आवाज येऊ लागला तर १०२४ करा, तेव्हा उशिराचं काही बिघडत नाही.

इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण (माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारं) असेल तर सरळ तेच वापरा आणि रीपरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा. दोन्ही चालू राहिली तर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, आणि लोक समजतात की इको कुठूनतरी आपोआप लागला.

इथे आणखी दोन ठिकाणी माणसं अडकतात. मीटर हलतच नाही असं झालं, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी > मायक्रोफोन इथे जाऊन डेस्कटॉप अ‍ॅपना माइक वापरू द्यायची परवानगी आहे का बघा. आणि रीपर उघडं असताना ब्राउझरमधला तानपुरा गप्प झाला, तर तो बिघाड नाही. काही एएसआयओ ड्रायव्हर साउंडकार्ड एकट्याने अडवून ठेवतात. तानपुरा फोनवर लावा, नाहीतर त्याची फाइल करून रीपरच्याच एका ट्रॅकवर टाका. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. फोनवरचा तानपुरा ऐन आलापात आलेल्या फोनने बंद पडतो.

५. रिकामा प्रोजेक्ट मनासारखा लावून ठेवा

नवा प्रोजेक्ट उघडा आणि ऑल्ट-एंटर दाबा. सॅम्पल रेट ४८,००० किंवा ४४,१०० ठरवा आणि तिथेच राहा. जुन्या गाण्यांसाठी मात्र ती ज्या दरावर होती तोच ठेवा.

याच खिडकीत 'टाइमबेस' आहे. तो मुळात 'बीट्स'वर असतो. तो बदलून 'टाइम' करा. आपल्या पद्धतीने गाणाऱ्यांसाठी या लेखातली ही सर्वात कामाची ओळ आहे. 'बीट्स' राहिलं आणि उद्या तुम्ही नुसतं बघायला म्हणून लय ९० ची ८४ केली, तर रेकॉर्ड केलेले सगळे तुकडे ताणले जातात. सूर तोच राहतो, पण मींड लांबते, तबल्याचे बोल चिकट होतात, आणि काय बिघडलं हे पटकन कळत नाही. लेहऱ्यावर किंवा मोकळ्या लयीत गाणाऱ्याला बीट्सच्या रेघांच्या जाळीचा, म्हणजे ग्रिडचा, उपयोगही नसतो. ऑल्ट-एस दाबून स्नॅप (तुकडे आपोआप या रेघांना चिकटणं) बंद करा.

मेट्रोनोम लावणार असाल तर दादऱ्याला ६/४, रूपकला ७/४, झपतालाला १०/४ असं लिहिता येतं. मेट्रोनोमच्या चित्रावर उजवी क्लिक करून रेकॉर्डिंगआधीचा काउंट-इन चालू करा. पण रूपकची खाली समेवरच असते, झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो; मेट्रोनोम ते आपणहून सांगत नाही. ठेक्याची चार आवर्तनं रेकॉर्ड करून लूप करणं कधीही सुखाचं.

आता सेव्ह करा. खिडकीच्या खाली 'क्रिएट सबडिरेक्टरी फॉर प्रोजेक्ट' आणि सगळ्या फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय आहे, दोन्हींवर खूण करा. सेव्ह न करताच रेकॉर्डिंग सुरू केलं तर फाइली 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'रीपर मीडिया' फोल्डरमध्ये जाऊन पडतात, आणि काही महिन्यांत तिथे कुठल्या गाण्याचं काय हे कळेनासं होतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असतं. रेकॉर्डिंग चालू असताना मागे ते इंटरनेटवर फाइली चढवायला लागतं. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा.

हाच रिकामा प्रोजेक्ट 'फाइल' > 'प्रोजेक्ट टेम्प्लेट्स'मधून टेम्प्लेट म्हणून जपून ठेवा.

६. जुनं गाणं आत आणा आणि तपासा

कर्सर अगदी शून्यावर न्या. 'इन्सर्ट' > 'मीडिया फाइल', सगळ्या वेव्ह एकदम निवडा. रीपर विचारतं की एकाच ट्रॅकवर एकापुढे एक लावू की वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या म्हणा. माउसने ओढून टाकल्या तर थोडं पुढे-मागे होऊ शकतं, म्हणून मेनूच बरा.

आता पायरी २ मधली एकत्र फाइलही शून्यावर एका वेगळ्या ट्रॅकवर आणा. त्या ट्रॅकचं फेज उलटं करायचं बटण असतं, शून्यावर तिरपी रेघ असलेलं. ते दाबा आणि सगळे फेडर (आवाजाचे स्लायडर) शून्य डेसिबलवर ठेवून वाजवा. सगळं जागच्या जागी असेल तर काहीच ऐकू येत नाही. सरळ आणि उलटा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. फक्त कोरस ऐकू आला, तर कोरसचा ट्रॅक सरकला आहे. ट्रॅक शोधा, त्याची सुरुवात बघा, दुरुस्त करा.

शांतता मिळाली की ती एकत्र फाइल म्यूट करा आणि वहीतल्या नोंदींवरून आवाज लावायला लागा.

७. ताळमेळ: मागे पडणारा कोरस

तुम्ही हेडफोनमध्ये तबला ऐकून अगदी समेवर गाता, आणि नंतर ऐकताना तुमचा आवाज किंचित मागे किंवा पुढे वाटतो. दोष गळ्याचा नसतो. आवाज कॉम्प्युटरमधून बाहेर येऊन माइकमार्गे परत आत जाईपर्यंत वेळ जातो, आणि सॉफ्टवेअरला रेकॉर्ड झालेला आवाज तेवढा सुरुवातीकडे सरकवावा लागतो. ऑडेसिटीत त्यासाठी उणे १३० मिलिसेकंद असा एक ठरावीक आकडा मुळातच भरलेला असतो, तो तुमच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही. रीपर ड्रायव्हरने सांगितलेला आकडा वापरतं. चांगले ड्रायव्हर खरं सांगतात. स्वस्तातले सगळेच सांगत नाहीत.

म्हणून एकदा मोजून घ्या. एका ट्रॅकवर टाळीसारखा तीक्ष्ण आवाज असलेली फाइल ठेवा. दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करून तो रेकॉर्डिंगला लावा. हेडफोनचा एक कप माइकला अगदी चिकटवून धरा, रेकॉर्ड करा. आवाजाला हवेतून जायला ३४ सेंटिमीटरला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे चिकटवलेल्या माइकचं अंतर धरायचं कारण नाही. आता खूप झूम करून दोन्ही टाळ्यांची टोकं बघा. फरक एक-दोन मिलिसेकंदांचा असेल तर सोडून द्या. दहाच्या पुढे असेल तर तो आकडा प्रेफरन्सेस > ऑडिओ > रेकॉर्डिंग इथल्या 'मॅन्युअल ऑफसेट'मध्ये भरा आणि पुन्हा मोजा. अंतर वाढलं तर चिन्ह उलटं करा. बफर किंवा इंटरफेस बदललात तर हीच चाचणी परत.

तबलजींना आपल्या ट्रॅकवर वाजवायला बोलावण्याच्या आदल्या दिवशी हे करा. त्यांच्यासमोर नको.

८. पहिलं रेकॉर्डिंग

कंट्रोल आणि टी दाबून नवा ट्रॅक. त्याचं लाल बटण दाबा, इनपुट मोनो १ निवडा. कंट्रोल आणि आर ने रेकॉर्डिंग, स्पेसने थांबा. ट्रॅक लाल करण्याआधी स्पीकर बंद करा. मॉनिटरिंग चालू असेल तर खोलीत शिट्टी घुमते.

पातळी उंच ठेवायचा सोस नको. सर्वात जोराची तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकंच गेन पुरे. २४-बिटमध्ये खाली भरपूर जागा असते.

एकाच जागी पुन्हा गायलात तर आधीचं पुसलं जात नाही, दुसरा 'टेक' म्हणून त्याच जागी राहतं. हवं तिथे एस दाबून तुकडा करा, ओळीओळीला चांगला टेक निवडा. दोन तुकडे थोडे एकमेकांवर आले की रीपर स्वतः क्रॉसफेड करतं, म्हणजे एक विरवत दुसरा चढवतं. कापायची जागा श्वासाच्या आधी धरा, श्वासाच्या मध्ये नको. अर्धवट तुटलेला श्वास नवख्यालाही खटकतो.

ऑडेसिटीत जी गोष्ट कुठल्या मेनूत होती ती इथे सापडत नसेल, तर प्रश्नचिन्हाची की दाबा. सगळ्या क्रियांची यादी उघडते, तिथे शोधायचं. मेनू पाठ करत बसू नका.

९. पंख्याचा आवाज

ऑडेसिटीचं 'नॉइज रिडक्शन' हातचं सुटल्याची हळहळ वाटते, म्हणून सांगते. रीपरमध्ये ते काम 'रीएफआयआर' करतं. ट्रॅकच्या एफएक्स बटणातून ते लावा, मोड 'सबट्रॅक्ट' करा. आवाजाचा नमुना आपोआप बनवायच्या चौकटीवर खूण करा आणि ज्या सेकंदात फक्त पंखाच ऐकू येतो तेवढा भाग वाजवा. आलेखावर लाल रेघ उमटली की लगेच खूण काढा. ती तशीच राहिली तर ते तुमच्या गाण्यालाही गोंगाट समजून वजा करायला लागतं, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. आणि जमलं तर पंखाच बंद करा. मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, करणं नाही.

१०. गाणं बाहेर काढताना

कंट्रोल, ऑल्ट आणि आर. सोर्स 'मास्टर मिक्स', हद्द 'एन्टायर प्रोजेक्ट'. 'टेल'ला एक-दोन सेकंद द्या, नाहीतर शेवटच्या षड्जामागचा रिव्हर्ब कापला जातो. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे त्यापेक्षा खूप मोठ्याने करून काही हाती लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांना पाठवायला एमपी३ काढा, जपून ठेवायला २४-बिट वेव्ह. बाहेर काढलेली फाइल फोनच्या स्पीकरवर एकदा तरी ऐका. पेटी आवाजावर चढली असेल तर तिथे लगेच उघडी पडते.

११. जपणूक, आणि जुनं कधी काढायचं

प्रत आख्ख्या फोल्डरची घ्या. आत रीपीक्स नावाच्या फाइली दिसतील, त्या लहरींची चित्रं आहेत. गेल्या तरी रीपर परत बनवतं. आरपीपी-बॅक ही मागच्या सेव्हची प्रत, ती ठेवा.

'फाइल' मेनूतल्या 'क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी'पासून सुरुवातीला लांब राहा. या प्रोजेक्टमध्ये न वापरलेल्या फाइली ते काढायला निघतं. एकाच फोल्डरमध्ये दोन गाणी असतील तर दुसऱ्या गाण्याचा आवाज त्याच्या दृष्टीने न वापरलेलाच.

ऑडेसिटी अनइन्स्टॉल करू नका. जागा फार खात नाही, आणि एखादी जुनी फाइल पटकन उघडून कापायला ती रीपरपेक्षा आजही हलकी पडते. एयूपी३ फाइली मात्र ड्राइव्हवरून काढायच्या असतील, तर त्या गाण्यांच्या वेव्ह बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेल्या आहेत आणि तिथून उघडून वाजतात, एवढं बघून मगच काढा.